नोटीस दारावर चिकटली, आता पुढे काय? घराच्या हक्काचा आंतरराष्ट्रीय करार कामाला लावायची पद्धत

तोडक कारवाईची नोटीस, निदान माझ्या अनुभवात, शुक्रवारी संध्याकाळी येते. शनिवार-रविवार कोर्ट बंद, वकिलाचा फोन लागत नाही आणि सोमवारी सकाळी गल्लीच्या तोंडाशी जेसीबी उभा. अशा वेळी कुणी ‘संयुक्त राष्ट्रांचा करार’ असं म्हटलं की वस्तीतली माणसं हसतात. मीही हसायचो. जिनिव्हातलं संयुक्त राष्ट्रांचं कार्यालय कुठे आणि आपलं वॉर्ड ऑफिस कुठे!

पुढे काही वस्त्यांबरोबर काम करताना लक्षात आलं, की आपण हा करार चुकीच्या वेळी बाहेर काढतो. सगळं हरल्यावर, घर पडल्यावर, कुणीतरी म्हणतं, ‘आता युनोत जाऊ.’ खरं तर त्याचं कलम पहिल्याच अर्जात लिहायचं असतं, वॉर्ड ऑफिसच्या आवक खिडकीवर. ते कसं, हे इथे क्रमाने सांगतो.

आधी करार हातात घ्या

पूर्ण नाव लांबलचक आहे: आर्थिक, सामाजिक आणि सांस्कृतिक हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने तो १६ डिसेंबर १९६६ रोजी स्वीकारला, ३ जानेवारी १९७६ पासून तो लागू झाला आणि १० एप्रिल १९७९ रोजी भारत त्यात सामील झाला. शाळेत आपण पाठ केलेली ‘अन्न, वस्त्र, निवारा’ ही त्रयी त्याच्या कलम ११ मध्ये जशीच्या तशी सापडते. सामील होताना भारताने काही कलमांवर आपली वेगळी भूमिका नोंदवून ठेवली, संघटना आणि संपाच्या हक्काचं कलम ८ त्यातलंच एक. कलम ११ वर मात्र असं काहीही राखून ठेवलेलं नाही. समोरचा वकील ‘हा करार आम्हाला पूर्णपणे लागू नाही’ म्हणाला, तर हे उत्तर तयार ठेवा.

दुसरं, कलम २. त्यात म्हटलंय की राज्यसंस्थेने उपलब्ध साधनांची कमाल वापरून हे हक्क टप्प्याटप्प्याने पूर्णत्वास न्यावेत. ‘टप्प्याटप्प्याने’ हा शब्द अधिकाऱ्यांना फार आवडतो. ‘निधी आला की बघू’ याचं ते आंतरराष्ट्रीय भाषांतर आहे असं त्यांना वाटतं. पण कराराची देखरेख करणाऱ्या १८ तज्ज्ञांच्या समितीने १९९० सालीच, आपल्या सामान्य टिप्पणी क्रमांक ३ मध्ये (सामान्य टिप्पणी म्हणजे कराराचा अर्थ उलगडणारं समितीचं निवेदन), हे दार बंद केलं: पावलं लगेच उचलायची, भेदभाव आजपासून बंद, आणि प्रत्येक हक्काचा किमान गाभा कुठल्याही परिस्थितीत सांभाळायचा. माणसाला नोटीस देणं आणि त्याचं म्हणणं ऐकून घेणं याला निधी लागत नाही.

तिसरी गोष्ट कटू आहे. भारतात आंतरराष्ट्रीय करार आपोआप कायदा होत नाही. नुसतं ‘कलम ११ चा भंग झाला’ एवढं लिहून कोर्ट दिलासा देणार नाही. पण देशाचा कायदा आड येत नसेल तिथे मूलभूत हक्कांचा अर्थ लावताना कोर्टं असे करार वाचतात. कामाच्या जागी स्त्रियांच्या लैंगिक छळाबद्दलच्या १९९७ च्या विशाखा निकालात स्त्रियांविषयीचा आंतरराष्ट्रीय करार असाच वापरला गेला. म्हणून आपल्या अर्जातली ठरलेली शब्दरचना लक्षात ठेवा: ‘संविधानाचे कलम २१, आंतरराष्ट्रीय कराराच्या कलम ११ सह वाचता’. कलम २१ म्हणजे जगण्याचा हक्क. आणि ते ‘सह वाचता’ विसरू नका.

पहिला दिवस: कागद

नोटिशीचा फोटो काढा, दारावर चिकटलेली असतानाच, शेजारचं घर दिसेल असा. नोटिशीवर तारीख, सही, हुद्दा, कायद्याचं कलम आणि सुनावणीचा दिवस आहे का ते बघा. नसेल तर तोच तुमचा पहिला मुद्दा.

मग एक साधी वही घ्या आणि घरोघरी फिरा. प्रत्येक घराचं एक पान: कुटुंबप्रमुखाचं नाव, माणसं किती, शाळेत जाणारी मुलं, म्हातारी माणसं, आजारी, अपंग, गरोदर बाई, कुणाचं काम किती अंतरावर, कधीपासून राहतात. त्याला पुरावे जोडा: लाईट बिल, रेशन कार्ड, मतदार यादीतलं नाव, शाळेचा दाखला, फोटोपास (झोपडीधारकाचं सरकारी ओळखपत्र), आणि असलीच तर झोपड्यांच्या १९७६ च्या गणनेची पावती. मुंबईत तारखांना सोन्याचा भाव आहे. झोपडपट्टी कायद्याखाली १ जानेवारी २००० पूर्वीच्या रहिवाशाला संरक्षण आहे आणि २०११ पर्यंतच्यांना सशुल्क पुनर्वसनाची तरतूद आहे. म्हणून जुनं लाईट बिल हरवलं असेल तर त्याच दिवशी कंपनीकडे दुय्यम प्रत मागा. हीच वही पुढे कोर्टात, मानवी हक्क आयोगात आणि थेट जिनिव्हापर्यंत चालते. सगळ्या लेखातलं एकच काम करणार असाल तर हे करा.

आणि पोच. एका उपनगरात आम्ही दीडशे सह्यांचा अर्ज दिला होता. खिडकीवरचा कारकून म्हणाला, ‘ठेवून जा, साहेब आल्यावर शिक्का मारतो.’ आम्ही ठेवून आलो. सुनावणीत सांगितलं गेलं, ‘असा अर्ज कार्यालयास प्राप्त नाही.’ तेव्हापासून शिक्का आणि आवक क्रमांक मिळेपर्यंत मी खिडकी सोडत नाही. नाहीच दिला तर तोच अर्ज स्पीड पोस्टाने आणि ईमेलने, दोन्हीकडून पाठवा.

त्याच दिवशी माहिती अधिकाराचा अर्जही टाका, दहा रुपयांत. जमीन कुणाच्या नावावर आहे, कोणत्या प्रकल्पासाठी हवी आहे, पाडण्याचा मूळ आदेश कुठला, पुनर्वसनाची यादी आहे का. उत्तराची मुदत एरवी ३० दिवसांची, पण जीविताशी संबंधित माहिती ४८ तासांत द्यावी लागते. ती तरतूद अर्जात आवर्जून लिहा. ४८ तासांत उत्तर येईलच असं नाही, पण आपण मागितलं होतं याची नोंद राहते.

दुसरी पायरी: आठ प्रश्न

इथे करार खरा कामाला येतो. समितीच्या १९९७ च्या सामान्य टिप्पणी क्रमांक ७ मध्ये सक्तीने घर खाली करून घेण्याबद्दल आठ संरक्षणं दिली आहेत. ती मी प्रश्नांच्या रूपात वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवतो:

१. बाधित लोकांशी खरीखुरी चर्चा झाली का?
२. सगळ्यांना पुरेशा आणि वाजवी मुदतीची नोटीस मिळाली का?
३. कारवाई कशी होणार आणि जागा पुढे कशासाठी वापरणार, ही माहिती वेळेत दिली का?
४. लोकांचे जथे हलवायचे असतील तर सरकारी अधिकारी किंवा त्यांचे प्रतिनिधी हजर राहणार का?
५. प्रत्यक्ष पाडणारी माणसं कोण, त्यांची ओळख पटते का?
६. रात्री किंवा फार वाईट हवामानात, लोकांच्या संमतीशिवाय, कारवाई होतेय का?
७. दाद मागायचा कायदेशीर मार्ग खुला आहे का?
८. गरज असलेल्यांना कोर्टात जाण्यासाठी कायदेशीर मदत मिळते का?

याच टिप्पणीतलं पुढचं वाक्य आठांपेक्षाही मोलाचं आहे: कारवाईमुळे कुणी बेघर होता कामा नये. ज्यांना स्वतःची सोय करता येत नाही त्यांच्यासाठी उपलब्ध साधनांत पर्यायी घर किंवा जमीन यांची व्यवस्था राज्यसंस्थेने करायची आहे.

एक मात्र स्पष्ट करतो, कारण वस्तीत याबद्दल गैरसमज असतो. करार प्रत्येक घर पाडण्याला बंदी घालत नाही. योग्य कायदेशीर संरक्षण न देता, माणसाच्या इच्छेविरुद्ध त्याला काढणं याला बंदी आहे. ‘आम्हाला इथून कुणीच हलवू शकत नाही’ असा अर्ज लिहिलात तर तो पडतो. ‘आम्हाला असं हलवता येणार नाही’ असा लिहिलात तर निदान वाचला जातो.

आता ही फूटपट्टी देशी कायद्याशेजारी ठेवा. १३ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, अमरावतीचे न्यायमूर्ती भूषण गवई आणि न्यायमूर्ती विश्वनाथन यांच्या खंडपीठाने, पाडकामाबद्दल देशभर लागू होणारे निर्देश दिले: रजिस्टर पोस्टाने नोटीस, ती मिळाल्यापासून किमान १५ दिवस, प्रत्यक्ष सुनावणी, कारणांसह आदेश, आदेशानंतर आणखी १५ दिवस, पाडकामाचं चित्रीकरण. मागच्या तारखेच्या नोटिशा चालू नयेत म्हणून जिल्हाधिकाऱ्यांना ईमेलने कळवायची अटसुद्धा घातली. पण त्या निकालात एक अपवाद आहे: रस्ता, फुटपाथ, रेल्वेमार्गालगतची जागा, नदी-जलाशय अशा सार्वजनिक जागांवरची अनधिकृत बांधकामं आणि कोर्टाच्याच आदेशाने होणारं पाडकाम. म्हणजे रेल्वेरुळाशेजारी राहणारा माणूस या छत्रीच्या बाहेर राहिला. करार असा अपवाद करत नाही. कब्जा कोणत्याही प्रकारचा असो, धमकी आणि सक्तीच्या बेदखलीपासून प्रत्येकाला काही प्रमाणात संरक्षण हवं, असं १९९१ ची सामान्य टिप्पणी क्रमांक ४ सांगते. तुमची वस्ती अशा जागेवर असेल तर कराराचं कलम तुम्हाला इतरांपेक्षा जास्त लागणार आहे.

तिसरी पायरी: उत्तर लिहा

लांब लिहू नका. दीड पान पुरे. नमुना असा:

‘आपली दिनांक … ची नोटीस दिनांक … रोजी दारावर चिकटवलेली आढळली. नोटिशीत सुनावणीची तारीख नमूद नाही. आम्ही … कुटुंबे या जागी सन … पासून राहत असून पुराव्याच्या प्रती सोबत जोडल्या आहेत. वस्तीत शाळेत जाणारी … मुले, … ज्येष्ठ नागरिक व … अपंग व्यक्ती आहेत. पर्यायी निवाऱ्याची व्यवस्था न करता कारवाई केल्यास संविधानाचे कलम २१, आर्थिक, सामाजिक आणि सांस्कृतिक हक्कांच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या कलम ११ सह वाचता, याचा भंग होईल. सबब (१) वैयक्तिक सुनावणी द्यावी, (२) पात्रता तपासणीसाठी सर्वेक्षण करावे, (३) जमिनीचा प्रस्तावित वापर लेखी कळवावा, (४) तोपर्यंत कारवाई स्थगित ठेवावी.’

मागण्या अशा ठेवा की ‘हो’ म्हणणं अधिकाऱ्याला जड जाऊ नये आणि ‘नाही’ लिहून देणं जड जावं. दिवस पावसाळ्याचे असतील तर पाचवी मागणी घाला. पावसाळ्यात राहत्या घरांवर हातोडा चालवू नये असा राज्याचा शासन निर्णय आहे, आणि आठ प्रश्नांतला सहावा प्रश्न त्याचाच सख्खा भाऊ आहे.

चौथी पायरी: उच्च न्यायालय

उत्तर दिल्यावर वाट बघत बसू नका. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे मोफत वकिलासाठी अर्ज करा. हेल्पलाईन १५१०० आहे. स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमाती आणि अपंग व्यक्ती यांना उत्पन्नाची अट नाही. म्हणून अर्ज घरातल्या बाईच्या नावाने करा. सातवा आणि आठवा प्रश्न इथेच सुटतो.

वकिलाला कोणते निकाल द्यायचे? पहिला आपल्याच शहरातला. १९८१ च्या पावसाळ्यात तत्कालीन मुख्यमंत्री अंतुले यांनी मुंबईतल्या फुटपाथवासीयांना हटवून त्यांच्या मूळ गावी पाठवायची घोषणा केली. पत्रकार ओल्गा टेलिस आणि इतर कोर्टात गेले. १० जुलै १९८५ रोजी सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या पाच जणांच्या घटनापीठाने उपजीविकेचा हक्क हा कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग मानला. हे वाक्य पुढे जगभर गाजलं. पण निकालाचा शेवट लोक वाचत नाहीत. पालिकेचा हटवण्याचा अधिकार कोर्टाने कायम ठेवला, फक्त ३१ ऑक्टोबरपर्यंत, म्हणजे पावसाळा संपेपर्यंत, थांबायला सांगितलं, आणि १९७६ च्या गणनेचं ओळखपत्र असलेल्यांना पर्यायी जागा द्यायला लावली. तत्त्व सगळ्यांना मिळालं, जागा मात्र पावती जपणाऱ्याला. वहीचा आग्रह मी का धरतो ते यातून कळेल.

करार थेट वापरलेले निकाल नंतरचे. चमेली सिंग (१९९६) या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने निवाऱ्याचा हक्क सांगताना कलम ११ चा आधार घेतला. दिल्ली उच्च न्यायालयात मूळचे सोलापूरचे न्यायमूर्ती अजित प्रकाश शहा आणि न्यायमूर्ती मुरलीधर यांनी सुदामा सिंग (२०१०) मध्ये पुनर्वसनाशिवाय झोपड्या हटवण्याला चाप लावला. अजय माकन (२०१९) हा निकाल तर संपूर्ण वाचावा असा आहे. डिसेंबर २०१५ च्या थंडीत रेल्वेने दिल्लीतली शकूर बस्ती पाडली, त्याबद्दलचा. रेल्वेच्या जमिनीवरची वस्ती, करार, समितीच्या टिप्पण्या, सगळं त्यात एकत्र आलं आहे. दिल्लीचा निकाल मुंबई उच्च न्यायालयावर बंधनकारक नाही, पण मार्गदर्शक म्हणून मांडता येतो.

पाचवी पायरी: ‘घर देतो’ म्हणाले तर

इथे बहुतेक जण सुटकेचा श्वास सोडतात आणि फसतात. टिप्पणी क्रमांक ४ पुरेशा घराच्या सात कसोट्या सांगते: कब्जाची कायदेशीर सुरक्षितता, पाणी-संडास-वीज यांसारख्या सोयी, परवडणारा खर्च, राहण्यायोग्य बांधणी, वृद्ध-अपंगांना पोचता येणं, ठिकाण, आणि राहणीच्या सांस्कृतिक पद्धतीला साजेसं असणं. सही करण्याआधी इमारत बघून या. लिफ्ट चालते का, मेंटेनन्स किती, पाणी कितव्या मजल्यापर्यंत चढतं, शाळा कुठे, कामाला जायला गाडीभाडं किती.

ठिकाणाची कसोटी किती खरी आहे ते मुंबईतल्या माहुलने दाखवलं. तानसा जलवाहिनीलगतची घरं पाडून लोकांना चेंबूरजवळ, तेल शुद्धीकरण कारखान्यांच्या शेजारच्या इमारतींत पाठवलं गेलं. चार भिंती होत्या, पण हवा श्वास घेण्याजोगी नव्हती. लोक भांडले, आणि एप्रिल २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने या कुटुंबांना दुसरीकडे राहता यावं म्हणून महिना १५,००० रुपये भाडं आणि ४५,००० रुपये अनामत द्यायचा आदेश सरकारला दिला. त्यामुळे घर नाकारताना ‘आम्हाला तिकडे जायचं नाही’ एवढं लिहू नका. सातांतली कोणती कसोटी कशी मोडते ते लिहा.

सहावी पायरी: मानवी हक्क आयोग

१९९३ च्या मानवी हक्क संरक्षण कायद्यात एक बारीक जागा आहे. ‘मानवी हक्क’ म्हणजे संविधानाने दिलेले किंवा आंतरराष्ट्रीय करारांत असलेले आणि भारतातल्या कोर्टांत अंमलात आणता येणारे हक्क, असं कलम २ सांगतं, आणि करारांच्या व्याख्येत आपला हा करार आहेच. तक्रार फुकट असते, वकील लागत नाही. घटनेपासून एका वर्षाच्या आत करावी लागते. महाराष्ट्र आयोगाचं कार्यालय मुंबईत सीएसएमटीजवळ आहे. दोन धोके: कोर्टात प्रलंबित प्रकरण आयोग सहसा घेत नाही, आणि राज्य आयोगाकडे गेलेलं प्रकरण दिल्लीचा राष्ट्रीय आयोग घेत नाही. शिवाय शेवटी हाती येते ती शिफारस. पाडकाम थांबवायचं असेल तर कोर्ट, पोलिसांनी मारहाण केली किंवा सामान चिरडलं याची जबाबदारी ठरवायची असेल तर आयोग, असा मी हिशेब करतो.

रेशन, दवाखाना, शाळा यांच्या तक्रारीही याच पद्धतीने बांधता येतात. अन्नासाठी टिप्पणी १२, शिक्षणासाठी १३, आरोग्यासाठी १४, पाण्यासाठी १५, आणि प्रत्येकीशेजारी त्या-त्या विषयाचा देशी कायदा. वही तीच.

सातवी पायरी: जिनिव्हा

तिथे तीन दारं आहेत आणि पहिलं आपल्यासाठी बंद आहे. एका व्यक्तीची तक्रार थेट समितीकडे नेण्याचा ऐच्छिक जोडकरार (ऑप्शनल प्रोटोकॉल) २००८ मध्ये आला, ५ मे २०१३ पासून लागू झाला, पण भारत त्यात सामील नाही. ‘युनोत केस टाकतो’ म्हणून पैसे मागणारा कुणी भेटला तर त्याला हे ऐकवा. मात्र समितीचे निर्णय वाचायला कुणाची आडकाठी नाही. २०१५ मधला ‘आय. डी. जी. विरुद्ध स्पेन’ हा नोटिशीबद्दलच आहे. कर्ज थकलेल्या घराच्या लिलावाची सूचना बाईपर्यंत नीट पोचवली गेली नाही, एवढ्यावर समितीने हक्कभंग मानला.

दुसरं दार देश करार पाळतो का याच्या तपासणीचं. या समितीपुढे भारताची तपासणी मे २००८ मध्ये झाली, पुढचा अहवाल २०११ मध्ये द्यायचा होता. त्या दाराशी गर्दी करण्यापेक्षा संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क परिषदेचा आढावा बघा. तो प्रत्येक देशाचा साधारण साडेचार वर्षांनी होतो. भारताचा २००८, २०१२, २०१७ आणि २०२२ मध्ये झाला. संस्थांना आपलं निवेदन देता येतं: एकट्या संस्थेला २,८१५ शब्द, अनेकांनी मिळून दिलं तर ५,६३०. मराठी चालत नाही, शक्यतो इंग्रजी, फ्रेंच किंवा स्पॅनिश लागतं. एका वस्तीचं प्रकरण घेऊन जाऊ नका. राज्यातल्या दहा-बारा वस्त्यांच्या वह्या एकत्र करून त्यातून दिसणारी पद्धत मांडा.

तिसरं दार सगळ्यात कामाचं: पुरेशा घराच्या हक्कावरचे विशेष प्रतिवेदक, म्हणजे संयुक्त राष्ट्रांनी नेमलेले स्वतंत्र तज्ज्ञ. या पदावर पहिले आले ते भारताचे मिलून कोठारी (२००० ते २००८), आणि २०२० मध्ये नेमले गेले तेही भारतीय वंशाचे बालकृष्णन राजगोपाल. इथे देशाने कुठल्या जोडकरारावर सही केली आहे का हे बघत नाहीत, देशातले उपाय संपवायची अटही नाही. संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क कार्यालयाच्या संकेतस्थळावर ऑनलाईन अर्ज आहे. कोण बाधित, कुणी केलं, कधी, कुठे, काय घडलं आणि तक्रार कोण करतंय, एवढं लागतं. नुसती वर्तमानपत्राची कात्रणं चालत नाहीत, आणि राजकीय शेरेबाजी असली तर अर्ज बाजूला पडतो. बाधित माणसांची संमती घ्या, लेखी, आणि नाव उघड करायचं की नाही हे प्रत्येकाला वेगळं विचारा. सरकारी पत्रव्यवहारात आपलं नाव गेलं तर मुकादम काम देईल का, ही भीती खरी असते.

मिळतं काय? जुलै २०२१ मध्ये हरियाणातल्या खोरी गावचं पाडकाम थांबवावं असं संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञांनी जाहीर आवाहन केलं. तिथे सुमारे एक लाख माणसं राहत होती. भारताने ते कडक शब्दांत फेटाळलं, कारण आदेश सर्वोच्च न्यायालयाचा होता. पाडकाम झालं. तेव्हा प्रतिवेदकाच्या पत्राने जेसीबी थांबेल असं वस्तीला सांगू नका.

पण प्रतिवेदकाचं पत्र सरकारला गेलं की साधारण ६० दिवसांनी ते आणि सरकारने दिलेलं उत्तर सार्वजनिक होतं. कधीकधी माहिती अधिकारात वर्षभर न मिळालेली माहिती त्या उत्तरात सापडते: जमीन कोणत्या खात्याची, किती कुटुंबं पात्र धरली, पुनर्वसन कुठे. ते उतरवून घ्या, पुढच्या तारखेच्या प्रतिज्ञापत्राला जोडा आणि वस्तीच्या बैठकीत मराठीत वाचून दाखवा. आकडे वहीशी जुळतात का ते तिथली माणसंच सांगतील.